अकरा जणांची फक्की

आमच्या कॉलेजच्या मैदानाला प्राचार्यांनाही वळसा घालावा लागतो. फक्की मारून झाली, की ती पांढरी रेष खेळाडूंशिवाय कुणी ओलांडायची नाही, असा केंजळेमामांचा कायदा आहे. एकदा उद्घाटनाचे पाहुणे हारासकट आत शिरायला निघाले, तर मामांनी खराटा आडवा धरला. "आत खेळनारे," म्हणाले, "तुमी खेळनार असाल तर बूट बदला." पाहुण्यांनी रेषेबाहेरूनच भाषण केलं आणि उन्हामुळे ते आटोपशीर झालं. हे मामांचे आमच्यावर उपकारच आहेत.

कागदोपत्री मामा शिपाई. प्रत्यक्षात तीस वर्षं मैदान त्यांचं. भुवयांवर कायम फक्कीचा पांढरा भुगा. त्यांचं गाव महापालिकेत आलं तेव्हा कुणीतरी अभिनंदन केलं, "मामा, पुणेकर झालात!" मामा म्हणाले, "पुनं आलंय आमच्याकडं. आमी कुटं गेलो?" मूलबाळ नाही. मामी गेल्यापासून मैदानाच्या कोपऱ्यातल्या खोलीत एकटेच राहतात.

मी अर्थशास्त्र शिकवते. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण क्रीडा समितीच्या बैठकीला मी पाच मिनिटं उशिरा पोचले आणि तेवढ्यात फुटबॉल संघाची प्रमुख म्हणून माझी एकमताने निवड झाली होती.

नेमकी त्याच वर्षी सीमेवर लढाई पेटली. पुण्यात दूध वेळेवर येत होतं, दुपारची दुकानं नेहमीसारखी बंद होत होती. पण होस्टेलमधल्या पोरांच्या आयांना हे कोण सांगणार? फोनवर फोन सुरू झाले. अठरा खेळाडूंपैकी सात जण आठवड्याभरात बॅगा भरून घरी गेले. उरले बरोबर अकरा. आणखी एक जरी गेला तर संघ मागे घेऊ, असं प्राचार्यांनी मला बजावलं.

जाणाऱ्यांत पुढचा नंबर निखिलचा होता. हा वर्ध्याचा, आमचा कर्णधार आणि गोलकीपर. त्याची आई रोज फोनवर रडायची. शेवटी त्याने तिकीट काढलं. मी त्याला तासभर समजावलं. दुसऱ्या दिवशी त्याने तिकीट रद्द केलं आणि मी स्टाफरूममध्ये माझ्या वक्तृत्वाचा चहा पाजला.

त्याच सुमारास मामांनी नवीन खूळ काढलं. त्यांचा भाचा मार्केट यार्डात हमाल आहे. त्याच्याकडून त्यांनी कांद्याची रिकामी पोती आणली, उसवली, आणि रोज संध्याकाळी सगळ्या रेषा झाकायला सुरुवात केली. सकाळी पोती उचलायची, संध्याकाळी पुन्हा अंथरायची. मैदानाला कांद्याच्या वखारीचा वास यायला लागला. मी वैतागून विचारलं, हे काय चालवलंय? तर म्हणाले, पांढऱ्या रेषा विमानातून दिसतात.

"मामा, विमान एवढ्या लांब येऊन तुमची फक्की बघणार?"

"न्हाय आलं तर बरंच. पन झाकाय काय जातंय?"

हा किस्सा मी कॉलेजभर चवीने सांगितला. लोक पोट धरून हसले आणि मीही हसले.

इकडे पोरं मात्र जिंकत सुटली. बदली खेळाडू नाही, एकाचा घोटा सुजलेला, एकाच्या चष्म्याला दोरी बांधलेली, तरी आमचे अकरा अंतिम सामन्यापर्यंत पोचले. सामना आमच्याच मैदानावर. शेवटची पाच मिनिटं, आम्ही एका गोलने पुढे, आणि पंचांनी समोरच्यांना पेनल्टी दिली. त्यांच्या पोराने ठिपक्यावर चेंडू ठेवला, आणि तेवढ्यात शहराचा हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला.

ती नुसती चाचणी होती. पेपरात आलं होतं, पण मामा पेपर वाचत नाहीत. पोती गोळा करून ठेवलेली, रेषा उघड्या. मामा खराटा घेऊन धावत आत घुसले आणि मी पोचेपर्यंत गोलसमोरच्या सगळ्या रेषा, ठिपक्यासकट, पुसून मोकळे झाले.

भोंगा थांबला. समोरचे प्रशिक्षक ओरडायला लागले, की हे मुद्दाम केलं. मामांचा चेहरा फक्कीपेक्षा पांढरा पडला. पंच म्हणाले, पुन्हा आखा. मी मामांच्या कानाशी लागले, ठिपका हातभर मागे गेला तर कोण मोजतंय?

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी अजूनही ते विसरलेले नाही. "मॅडम, रेषच खोटी काढली, तर पोरांनी खेळायचं कशाला?"

त्यांनी गाठी मारलेली सुतळी काढली, दोनदा मोजलं आणि ठिपका होता तिथेच काढला. फटका कोपऱ्यात गेला. निखिल झेपावला आणि त्याने चेंडू बाहेर ढकलला. उरलेली मिनिटं पोरांनी कशीबशी काढली आणि कप आमचा! मी चप्पल हातात घेऊन नाचले, असं लोक सांगतात.

त्या गोंधळात निखिलला म्हटलं, बघ, माझं ऐकून थांबलास ते बरं केलंस. तो जरा लाजला. म्हणाला, "मॅडम, मामांनी माझ्या आईला फोन केला होता. म्हणाले, ताई, होस्टेलाशेजारचं मैदान मी रोज झाकून ठेवतो, वरून काय दिसनार न्हाय. आई किती दिवसांनी हसली. म्हणाली, एवढं झाकणारं कुणी आहे ना तिथे, मग राहा." अशा अकरा आयांना मामांनी फोन केले होते. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

फोटोसाठी पोरांनी मामांना हाक मारली. मामा रेषेपाशी येऊन थांबले. "आत खेळनारे," म्हणाले. निखिलने फक्कीचा डबा उचलला, रेषेपासून सुरुवात करून मामांच्या पाठीमागून फिरवला आणि पुन्हा रेषेला आणून जोडला.

"आता तुम्ही आत, मामा."

मामांनी खाली रेषेकडे बघितलं. म्हणाले, "वाकडी आलीय रं." आणि फक्कीच्या हातांनीच डोळे पुसले.

लढाई थांबली, पोती मार्केट यार्डात परत गेली. मामा दर सामन्याआधी नव्याने फक्की मारतात, सुतळी लावून, सरळसोट. रेषेबाहेरचा तो वाकडा फुगवटा मात्र हाताने, होता तसाच काढतात. प्राचार्य आता त्यालाही वळसा घालून जातात.