सूर्याकडे पाठ

आमच्या सापगावात माणसं भेटली की एकमेकांना ‘राम राम’ घालत. धर्मा हवालदार घालत नसत. ते समोर येऊन उभे राहत, उजव्या हाताची पालथी बाजू तुमच्या नाकाखाली धरत, डोळे बारीक करत आणि निकाल देत, “डावी चालू हाय.” म्हणजे डाव्या नाकपुडीतून श्वास चालला आहे. डावी चालू असली की पेरणी करावी, सोयरीक जुळवावी. उजवी असली की जेवावं, भांडावं, कोर्टात जावं. हे सगळं गावाला तोंडपाठ होतं, आणि पटो न पटो, हवालदार समोरून येताना दिसले की माणसं आपोआप नाक पुढे करत.

मी शाळामास्तर म्हणून गावात आलो त्या दिवशी सर्दीनं बेजार होतो. हवालदारांनी हात धरला, थोडा वेळ थांबले, मग दुसरा हात धरला. “दोनी बंद!” ते म्हणाले. “मास्तर, तुमी जिते कसे?”

पुढे माझं लग्न ठरायच्या वेळी होणारे सासरे मुरबाडहून बोलणी करायला आले. हवालदार शेजारी या नात्यानं हजर होतेच. त्यांनी पाहुण्यांच्या नाकाखाली हात धरला आणि मान हलवली. “उजवी हाय. आज कुनाशी मारामारी असंल तर उरकून घ्या. सोयरीक नाय बोलायची.” यावर उपाय काय, तर उजव्या कुशीवर निजायचं म्हणजे डावी मोकळी होते. सासऱ्यांना ओटीवर घोंगडीवर उजव्या कुशीला निजवलं. बैलगाडीतून हाडं खिळखिळी होऊन आलेला माणूस, तो घोरायलाच लागला. डावी सुरू झाल्याबरोबर हवालदारांनी त्यांना हलवून उठवलं, आणि अर्धवट झोपेत त्यांनी होकार दिला. माझ्या बापाला झोपेत गाठलंत, असं बायको मला अजून ऐकवते.

हवालदार जर्मनच्या लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याला जाऊन आले होते. बाकीचे लोक तिकडून बिल्ले, बूट, कांबळी घेऊन आले. हे आसनं आणि प्राणायाम घेऊन आले. पलटणीतल्या एका पंजाबी शिपायानं शिकवला म्हणे. कापणीच्या दिवसांत मजूर शेतात वाकलेले असत आणि हवालदार बांधावर डोकं खाली, पाय वर करून देखरेख करत. उलटं बघितलं की कामचुकार पटकन ओळखू येतो, असं त्यांचं म्हणणं.

या सगळ्यावर एकच माणूस फटकन बोलायचं. त्यांची बायको, सगुणाकाकी. अंगानं बारीक, तोंडानं फटकळ आणि दम्यानं पिडलेली. थंडी पडली की तिला आडवं होता येत नसे, रात्र रात्र भिंतीला टेकून बसावं लागे. हवालदारांनी तिला श्वास शिकवायचा किती वेळा घाट घातला. ती म्हणायची, “तुमचं नाक तुमच्यापाशी ठेवा. माजं मला पुरतं.” गावच्या लोकांना याची मोठी गंमत वाटे. ज्याच्याकडे श्वास शिकायला कल्याण-भिवंडीहून माणसं यायची, त्याच्या घरातच श्वासाची वानवा होती.

होय, माणसं यायची. दर वर्षी भाताची झोडणी उरकली की पौषाच्या थंडीत हवालदारांची छावणी लागे. शब्द त्यांचाच, पलटणीतला. जागा गावाच्या पूर्वेला, मुरबाडच्या अंगाच्या डोंगरावर. साग आणि ऐनाच्या रानातून चढून गेलं की एकदम मोकळा कातळ लागतो, कडेला पाण्याचं कुंड. छप्पर नाही, भिंत नाही, खाली कांबळं आणि वर आभाळ. शहरातली मंडळी आसनगावला उतरून बैलगाडीनं येत. आल्याबरोबर सगळ्यांची घड्याळं एका हंड्यात जात. “हितं टाइम नाय. हितं दम हाय,” असं म्हणून हवालदार हंड्यावर झाकण ठेवत. मग शेवटच्या दिवसापर्यंत सर्वांना मौन. बोलणार एकटे हवालदार, तेही हुकूम म्हणून: “दम भर!” आणि “दम सोड!” शेवटचं ‘दम सोड’ झालं की बैठक संपली, उठायला मोकळीक.

आणखी एक तऱ्हा होती. छावणीत सगळे पहाटे सूर्याकडे पाठ करून बसत. कल्याणच्या एका वकिलांनी मौन सुरू व्हायच्या आधी हरकत घेतली, “हवालदार, शास्त्रात पूर्वेकडे तोंड करून बसायला सांगितलंय.”

“वकीलसाब, सूर्याकडं काय बघायचं? सूर्य कशाकडं बघतो ते बघा.”

वकिलांनी आपलं कांबळं उलटं फिरवून घातलं.

पोटाच्या तक्रारीमुळे एका वर्षी मीही छावणीत गेलो, आणि पहिल्याच पहाटे मला हवालदारांचं म्हणणं पटलं. समोर पश्चिमेला, लांब, माहुलीचा डोंगर काळोखात उभा होता. आमच्या अंगावर अजून ऊन नव्हतं, खालचं खोरं धुक्यानं भरलेलं होतं. एवढ्यात माहुलीच्या सर्वांत उंच सुळक्याच्या टोकाला गुलाबी उजेड लागला. बघता बघता तो खाली उतरत गेला, सुळक्यामागून सुळका उजळत गेला, आणि कुठेही आवाज नाही. रोज शाळेच्या दारातून दिसणारा डोंगर मी तोवर पाहिलाच नव्हता, असं वाटलं.

आणि त्याच संध्याकाळी बिबट्या आला. आम्ही बसलेलो असताना कुंडापलीकडच्या करवंदीतून निघाला, शांतपणे पाण्याला तोंड लावलं. माझ्या शेजारी भिवंडीचे कापडवाले शेट बसले होते. त्यांची पाचावर धारण बसली. हवालदार जागचे हलले नाहीत. हलक्या आवाजात एवढंच म्हणाले, “बसून राव्हा. त्याचाबी दम चालू हाय, तुमचाबी चालू द्या.” बिबट्या पोटभर पाणी प्याला, आमच्याकडे एकदा बघितलं आणि आल्या वाटेनं गेला. त्या पिवळ्या डोळ्यांत आमच्याबद्दल राग नव्हता, भीती नव्हती, काहीच नव्हतं. आपण किती लहान आहोत हे इतक्या सभ्यपणे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मात्र सकाळच्या बैठकीला काही धरबंध नव्हता. एखाद्या दिवशी बूड टेकतंय तोवर ‘दम सोड’. एखाद्या दिवशी पाय लाकूड होईपर्यंत हुकूमच नाही. वकिलांनी पूर्वी एकदा याचं कारण विचारलं होतं. “आतून हुकूम येतो,” असं उत्तर मिळालं होतं.

एका सकाळी तो हुकूम येईचना. माहुली गुलाबी झाली, पिवळी झाली, पांढरी पडली, मग नेहमीप्रमाणे आम्ही डोळे मिटले. पाठीवर ऊन चटके देऊ लागलं. न राहवून मी एक डोळा उघडला. आम्हाला डोळे मिटायला लावणारे हवालदार स्वतः डोळे फाडून खाली बघत होते. त्यांच्या नजरेच्या दिशेनं मी बघितलं. खाली सापगाव. घराघरातून चुलींचा धूर निघत होता. फक्त गावाच्या अलीकडच्या कडेला, फणसाजवळच्या एकट्या घराच्या कौलांवर धूर नव्हता. ते घर हवालदारांचं.

म्हणजे हा आतला हुकूम! काकी उठली, चूल पेटवण्याइतका दम तिच्यात आहे, हे रोज वरून कळलं की मग ते आम्हाला ‘दम सोड’ म्हणत. सूर्याकडे पाठ त्यासाठी होती.

हे माझ्या डोक्यात शिरतंय तोवर हवालदार उठले आणि उतारावरून धावत सुटले.

आणि मागोमाग सगळी छावणी उठून धावू लागली! हवालदार करतील ते करायचं, एवढंच सगळ्यांना माहीत. मौन असल्यामुळे विचारायची सोय नाही. ही नवीन क्रिया असणार, असं समजून वकील, शेट आणि बाकीची प्रतिष्ठित मंडळी लंगोटीवर, एकामागे एक, नाकानं श्वास घेत डोंगर उतरत होती. शेटचं पोट त्यांच्या पुढे धावत होतं. करवंदीच्या काट्यांनी सगळ्यांना ओरबाडलं, पण कुणी ‘आई गं’ म्हणालं नाही. गावाजवळ आलो तेव्हा पाणवठ्यावरच्या बायका हंडे टाकून पळाल्या. “धाड आली गो, धाड!” अशी ओरड झाली.

हवालदारांनी दार ढकललं. काकी जमिनीवर वाकळेवर आडवी पडली होती, हालचाल नाही. हवालदार खाली बसले आणि त्यांनी हाताची पालथी बाजू तिच्या नाकाखाली धरली. ज्या हाताला सारा गाव हसायचा तोच हा हात. तो हात असा धरायची सवय त्यांना कुठे लागली असेल, ते मला तेव्हा कळलं. कित्येक रात्री तो तिथेच धरलेला असणार.

काकीनं डोळे उघडले. “अवो, हात काडा तो. किती दिसांनी आडवं होऊन झोप लागली, ती मोडलीत!”

हवालदारांनी हात काढला. “चूल पेटली नाय गो. धूर नाय दिसला.”

“येक दीस नाय पेटली!” काकी उठून बसली. तेवढ्यात तिचं लक्ष दाराकडे गेलं. “आन ही नागडी वरात कुटून आनलीत?”

वरात अंगणात मुकाट उभी होती.

काकीचा आवाज जरा खाली आला. “उशाशी बसून माजा दम मोजत राता, ते बघवत नाय म्हनून तुमाला डोंगरावर पाठवते. तर तुमी वरनंबी धूर बघत बसता. मला काय ठावं नाय? रोज ओला पाला घालते चुलीत, लांबून दिसावा म्हनून.”

“ओला पाला?” हवालदार तिच्याकडे बघतच राहिले. “आन तुजी छाती?”

“खोकते जराशी. तुमचा जीव तिकडं टांगून ठेवू का?”

आपला जीव भांड्यात पडावा म्हणून ही बाई रोज सकाळी धूर गिळत होती, हे हवालदारांना आज कळत होतं. वकील अंगणात चक्क रडत होते.

मग हवालदार बाहेर आले आणि पलटणीतल्या आवाजात ओरडले, “माती कालवा!” कुंभाराकडून मातीच्या नळ्या आणल्या, त्या शेटनी डोक्यावरून वाहिल्या. वकिलांनी गिलावा केला, वाकडा केला. मौन कुणी सोडवलंच नव्हतं, म्हणून हे सगळं काम हातवाऱ्यांवर झालं. दिवस मावळायच्या आत काकीच्या चुलीवर धुराडं उभं राहिलं. गावातलं पहिलं. धूर घरात न रेंगाळता सरळ वर जाऊ लागला, आणि डोंगरावरून आधीपेक्षा चांगला दिसू लागला.

त्यानंतर छावणी पूर्वीसारखीच चालली. आता सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. सगळे एक डोळा किलकिला ठेवून बसत. फणसाजवळून धुराची रेघ वर आली की हुकमाच्या आधीच सगळा कातळ श्वास सोडी. मी देवळांत, कीर्तनांत पुष्कळ बसलो आहे. पण एका बाईची चूल पेटावी म्हणून इतकी माणसं जीव धरून बसलेली मला दुसरीकडे दिसली नाहीत.

पुढची लढाई सुरू झाली, महागाई आली, आगपेटी मिळेनाशी झाली. त्यातल्याच एका हिवाळ्यात काकी गेली. हवालदार उशाशी होते. त्यांनी तिच्या नाकाखाली हात धरला आणि तो काढेचनात. शेवटी माझ्या बायकोनं तो धरून बाजूला केला.

तेरावा झाल्यावर घराला कडी घालून ते एकटेच कातळावर जाऊन बसले. कुणाच्या नाकाला आता हात लावत नव्हते. वर नेलेली भाकरी तशीच राही. गुरं चारणारे येऊन सांगत, “हवालदार उटतच नायत. गावाकडं तोंड करून बसलेत.” उठणार कसे? ‘दम सोड’ म्हणायला खालून हुकूम यायला हवा ना. हवालदार समाधी घेणार, अशी गावात बोलवा झाली. काहीजण तर नारळ घेऊन निघाले.

माझी बायको भडकली. “नारळ कसले वाहताय? माणूस उपाशी मरेल!” तिनं आमच्या चुलीतला विस्तव खापरावर घातला आणि खापर माझ्या हातात दिलं. “जा. काकीची चूल पेटवा.”

मी कडी काढून आत गेलो. चूल पेटवली. रिकामी चूल पेटवू नये म्हणून तांदूळ धुऊन वर ठेवले. मग परसातला फणसाचा ओला पाला आणून आत सारला. वकिलांच्या वाकड्या धुराड्यातून थोडा धूर वर गेला, बराचसा माझ्या डोळ्यांत आला. भात शिजला तरी मी खोकत, फुंकत बसलो होतो. काकीनं हे रोज केलं होतं.

दारात सावली पडली. दाढी वाढलेले, डोळे खोल गेलेले हवालदार उभे होते. मेलेल्या बाईच्या चुलीला हात लावला म्हणून रागावतील, असं मला वाटलं. ते चुलीकडे बघत राहिले.

“ओला पाला घातलात, मास्तर?”

“लांबून दिसावा म्हणून,” मी म्हणालो.

ते आत आले, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी हाताची पालथी बाजू माझ्या नाकाखाली धरली. हात गार होता. पुष्कळ वेळ त्यांनी तो काढला नाही.

“उजवी हाय,” ते म्हणाले. “जेवायला बरी.”

मग फळीवरची दोन ताटं काढून त्यांनी पंच्यानं पुसली, आणि दारातून आत आलेल्या उन्हाकडे पाठ करून चुलीसमोर पाटावर बसले.