रुसलेला लॅपटॉप

भास्करनाना कुठलंही यंत्र उघडायच्या आधी त्याला हात जोडत. "माफ कर रे बाबा," म्हणत आणि मगच स्क्रू ड्रायव्हर लावत. "ताई, यंत्र बिघडत नही, रुसस," हे त्यांचं ठाम मत.

नाना पिंप्राळ्यात आमच्या शेजारी राहत. मूळचे भडगावचे, सगळी नोकरी कापसाच्या जिनिंग मिलमध्ये फिटर म्हणून केलेली. बायको, अक्का, गेल्यावर घरात एकटेच. गल्लीतल्या बंद वस्तू त्यांच्या ओट्यावर जमत. दुरुस्त होत, हे खरं. पण दोन-तीन स्क्रू हमखास उरत. ते पुडीत बांधून परत करत. "कंपनीनी जास्तीचं लावेल व्हतं." आमचा टेबलफॅन त्यांच्याकडून आला तो मान फिरवायचाच थांबला. "आते एक जागावर त्यानं मन लागी गयं," नाना म्हणाले.

मुलगा विलास बंगलोरला इंजिनियर. सुट्टीत आला तेव्हा जुना लॅपटॉप ठेवून गेला. "बंद पडलाय, भंगारात द्या." भंगार हा शब्द नानांना शिवीसारखा लागला. लॅपटॉप सुटा करून पुढच्या खोलीत चादरीवर मांडला गेला. कॉलनीत असलं यंत्र कुणी पाहिलेलं नव्हतं. "याच्यावर सिरियल दिसते का?" समोरच्या वहिनींनी विचारलं. नानांनी दोन दिवस त्यांच्याशी बोलणं सोडलं.

तीन महिने झाले. आमच्या शाळेतले कॉम्प्युटरचे सर बघून देतील, असं मी सुचवलं. "नको, ताई. दुसरा कोनी हात लावाले नको."

एका रविवारी सकाळी मी त्यांना भरीत द्यायला गेले. लॅपटॉप जोडलेला होता आणि पडदा निळा लख्ख उजळला होता!

"नाना, जमलं की!"

"चार्जरनी वायर आतमधून तुटेल व्हती. चालू व्हईसन आठ दिवस व्हयनात." आवाजात आनंद कसा तो नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. नानांनी घाईघाईने लॅपटॉप मिटला आणि रिसीव्हर उचलला.

"हा विलास, बोल. नही रे, चालू नही व्हयना. नुसता लाल दिवा लागस."

मी मिटलेल्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं. नानांनी रिसीव्हरवर हात ठेवला.

"पहिले 'तब्येत बरी शे का? बरी शे,' इतलंच बोलनं व्हये. दोन मिन्टमा बोलनं सरी जाये. आते तो लॅपटॉपनं अर्धा अर्धा तास समजाडस."

मग हात काढून म्हणाले, "हा, सांग. धीरेधीरे सांग, मी लिखी लेस."

पलीकडून विलास सांगत राहिला. नाना डोळे मिटून "हा... हा..." म्हणत होते. मांडीवर वही उघडी होती, हातात पेन्सिल होती. लिहीत मात्र काहीच नव्हते.