खाली वर शे

सुरतेच्या गोडादऱ्यात बागेसमोरच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीला पाटी टांगलेली होती : 'घर खाली आहे'. ती वाचून मी आणि माझी बायको सुनंदा सरळ तळमजल्यावर गेलो आणि दार वाजवलं. मराठी माणूस दुसरं काय करणार?

दार उघडलं ते श्रावणअप्पांनी. अंगात बनियन, खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. घर बघायला आलोय म्हटल्यावर त्यांनी छताकडे बोट दाखवलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "खाली वर शे!"

अप्पा तरुणपणी अमळनेरकडून सुरतेला आले ते लूम, म्हणजे यंत्रमाग चालवायला. लूमच्या खडखडाटात बोलून बोलून आवाज कायमचा चढला. भाषेचंही तसंच झालं. 'शे', म्हणजे 'आहे', खानदेशातलं राहिलं आणि 'खाली' मात्र सुरतेचं झालं, म्हणजे रिकामं. तिसऱ्या मजल्यावरचं घर रिकामं होतं, अप्पा तळमजल्यावर राहत होते, आणि पाटी वाचणारा प्रत्येक मराठी माणूस त्यांच्या दारात येऊन थडकत होता.

मी शाळेत मराठी शिकवतो. चुकीची पाटी दिसली की मला ठसका लागतो. म्हटलं, "अप्पा, 'भाड्याने देणे आहे' असं लिहा."

"बराबर, मास्तर. एकदम बराबर," अप्पा म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.

आमचं जुनं घर पाडून तिथे टॉवर होणार होता. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत जागा हवी होती. पण अप्पांना घाई ठाऊक नव्हती. आधी खाली चहा, मग गाव कोणतं, मामा कुठले, आत्या कुठे दिली. त्यानंतर वर नेऊन त्यांनी आम्हाला गॅलरीत बसवलं. "डोया मिट. कान लाव. काय ऐकू येस?"

मी कान लावला. बागेत माळी पाइपने पाणी घालत होता, ओल्या मातीचा वास वरपर्यंत येत होता. "कोकीळ," मी म्हणालो. अप्पांचं तोंड पडलं. मास्तर नापास.

सुनंदा डोळे मिटूनच म्हणाली, "काहीतरी खटखटतंय. लांबून."

अप्पांनी तिथल्या तिथे किल्ली तिच्या हातात ठेवली. बागेपलीकडे आज बारा मजली टॉवर आहे तिथे पूर्वी लूमचं खातं, म्हणजे कारखाना होता. अप्पांची उमर तिथे गेली. खातं पाडून वर्षं झाली, पण अप्पांना ते अजून ऐकू येतं. घरी जाताना मी बायकोला विचारलं, तुला खरंच ऐकू आलं? ती म्हणाली, "वरच्यांचा पंखा घासत होता हो."

आम्ही राहायला आलो. दुपारी गॅलरीत बसलं की कडुनिंबाच्या सावल्या फरशीवर हलायच्या, बागेतला झोपाळा कुरकुरायचा, आणि डोळा लागता लागता खरं सांगतो, मलाही कधीकधी ते खटखटणं ऐकू यायचं. आपण नक्की कोणत्या वर्षात आहोत ते दोन मिनिटं कळायचं नाही. फार बरं वाटायचं.

फक्त ती पाटी! घर भाड्याने गेलं तरी अप्पा ती काढू देईनात. दर रविवारी कुणी ना कुणी खानदेशी कुटुंब तळमजल्यावर बेल वाजवायचं. अप्पा त्यांना चहा पाजायचे, नात्यातलं नातं शोधून काढायचे आणि मग सांगायचे, "घर तं गयं भो. कडोदऱ्याले मना वळखीना मानूस शे, त्याले भेट." लोकांना उगाच खेपा घालायला लावतात म्हणून मला राग यायचा. शेवटी आखाजीला पंधरा दिवस असताना मी स्टुलावर चढलो आणि पाटी सोडून घरात ठेवली.

त्या रविवारी बेल वाजली नाही. पुढच्याही नाही.

आखाजीला, लेकी माहेरी येतात त्या सणाला, सुनंदाने पुरणाचे मांडे केले, ते द्यायला मी खाली गेलो. दार उघडंच होतं. टेबलावर धुतलेले सहा कप पालथे मांडलेले, आणि अप्पा दाराकडे तोंड करून बसलेले. पावलं ऐकून उठले, मग मीच आहे हे पाहून पुन्हा बसले.

मी उगाच म्हणालो, "अप्पा, चुकीची पाटी होती. घर आता खाली नाही ना."

"मास्तर, चाळीस वरीस सुरतमा काढात, पन मी मराठी शायमा शिकेल शे," अप्पा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू होता. "खाली म्हंजे काय, माले समजस. पयल्या दिनपासून समजस."

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. ती बायकोच्या फोटोवर थांबली, मग पालथ्या कपांवर आली.

"तुमनी काकी गई. पोरगी दूर शे, आखाजीलेबी येत नही. सांग मास्तर, घर खाली शे का नही?"

मांडे मी टेबलावर ठेवले. वर जाऊन मी स्टूल घेतलं आणि पाटी होती तिथे पुन्हा टांगली, घट्ट दोन गाठी मारून.

रविवारी सकाळी खालून बेल ऐकू आली. पाठोपाठ अप्पांचा आवाज, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा : "ये भो, बठ! गाव कोनतं तुमनं?"