गाडीची खांदेमळणी

इंद्रजितने नवी मोटारसायकल घेतली आणि तिच्याबरोबर फुकट मिळालेलं पुस्तक त्याने असं काही वाचलं, की शाळेत असताना त्याच्या निम्म्याने जरी वाचलं असतं तरी आज तो साहेब झाला असता. टायरात हवा किती, साखळीला तेल कधी, ब्रेक कसा बघायचा, नव्या इंजिनाला किती दमानं घ्यायचं, सगळं तोंडपाठ. रोज सकाळी कंपनीत कामाला निघण्याआधी तो गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालायचा. टायर दाबायचा, साखळी बघायचा, गाडी अंगणातच पुढे ढकलून दोन्ही ब्रेक लागतात का ते बघायचा, आणि मगच हेल्मेट चढवायचा. आणि एवढं सगळं करून गाडी चालवायचा किती जोरात? तर शाळेला निघालेल्या पोरींच्या सायकली घंटी वाजवत त्याच्या पुढे निघून जायच्या.

“लेका, गाडी घेतलीस का म्हस?” गेनबा बांधावरनं ओरडायचा.

“पुस्तकात लिव्हलंय तात्या! नवीन हाय तवर पळवायची न्हाई.”

आणि घरात त्याने एकच कायदा केला होता. गाडीला कुणी हात लावायचा नाही. हा कायदा घरातल्या सगळ्यांना म्हणून सांगितला असला तरी होता तो एकट्या आण्णांसाठी, म्हणजे त्याच्या वडिलांसाठी, सावळारामांसाठी. कारण गाडी उभी राहायची गोठ्यात, आणि गोठा म्हणजे सावळारामांचं राज्य. मागच्या वर्षी त्यांनी माण्या आणि पाखऱ्या ही आपली बैलजोडी गेनबाला विकली होती. शेतात ट्रॅक्टर फिरायला लागला होता आणि सावळारामांच्या गुडघ्यांनी हात टेकले होते. गेनबा गावातलाच, बैल रोज दिसायचे, तेवढंच समाधान. पण माणसाच्या हाताला सवय असते हो! सकाळी उठून सावळाराम गोठ्यात जायचे, पाठीवर थाप मारायला हात उचलायचे, आणि हात पडायचा पेट्रोलच्या टाकीवर.

आता या सगळ्यात सारोळ्याचे मानसिंगराव आले. यष्टीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. उभ्या नोकरीत गाडीला साधा ओरखडा नाही, याचा त्यांना भारी अभिमान. त्यांच्या सोनियाला जेठात इंद्रजित बघून आला होता आणि पोहे खाता खाताच त्याचं ठरलं होतं की करीन तर हिलाच. सोनियानेही “बरा वाटला” एवढं म्हटलं होतं. पण मानसिंगराव जावई पारखायचे ते गाडीवरनं. एकाला त्यांनी वळताना हात दाखवला नाही म्हणून परत पाठवलं. एकाला गाडीवर मोबाईल कानाला लावलेला दिसला म्हणून. आणि एकाला तर सायलेन्सरच्या आवाजावरूनच, पोरगा अंगणात पोचायच्या आधी, नकार मिळाला होता.

“आखाड हाय,” मानसिंगरावांनी फोनवर सांगितलं. “आखाडात सोयरिकीचं व्हय-न्हाई तोंडातनं काढायचं नसतं. नुसतं घर बघायला येतो.”

“मग बेंदराला या की पुरणपोळी खायला!” फुलाबाईंनी, म्हणजे इंद्रजितच्या आईने, फोन हिसकावून घेत आवतण दिलं. पाहुण्यांसाठी त्यांनी वाटीभर साजूक तूप कढवून फडताळात वर ठेवून दिलं. इंद्रजितने गाडी धुऊन गोठ्यात लावली. सगळं कसं मनासारखं चाललं होतं.

बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या संध्याकाळी गावात घरोघरी खांदेमळणी चालू झाली. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सोलवटतो, म्हणून बेंदराच्या आदल्या दिवशी त्याला गरम पाण्याने शेकायचं, हळद-तूप चोळायचं, ही रीत. गेनबाच्या गोठ्यातून घुंगरांचा आवाज येत होता. सावळाराम आपल्या मोकळ्या गोठ्याच्या उंबऱ्यात बसले होते. त्यांना गलबलून आलं. जन्मात असा बेंदूर गेला नव्हता, की हाताला हळद लागली नाही. त्यांनी आत बघितलं. गाडी उभी होती.

“तूबी आता घरातलंच वझं वडणार,” सावळाराम गाडीला म्हणाले. “तुला कोण बघणार?”

फुलाबाई शेजारी डाळ निवडायला गेल्या होत्या. इंद्रजित दाढी करायला नसरापूरला. सावळाराम उठले, फडताळातली वाटी काढली, तुपात हळद कालवली आणि कामाला लागले. आता गाडीचा खांदा कुठला? सावळारामांनी नीट विचार केला. बैलाचं जिथं घासतं तिथं तूप लावतात. गाडीचं कुठं घासतं? ते खाली बसले. चाकाला एक भोकाभोकांची लोखंडी ताटली होती आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरलं होतं. ताटली घासून घासून नुसती चकचकीत झालेली! “अरं अरं अरं,” सावळाराम कळवळले. पुढच्या चाकाला एक, मागच्या चाकाला एक. दोन्हीकडे त्यांनी बोटं आत घालघालून, जीव लावून तूप जिरवलं. मग मागची साखळी दिसली. तिला काळंकुट्ट तेल चिकटलेलं. पाहुणे काय म्हणतील? ती त्यांनी साबणाच्या पाण्याने स्वच्छ घासून काढली.

सकाळी पाहुणे आले. मानसिंगराव, त्यांच्या पत्नी रत्नाबाई आणि सोनिया. चहा झाला, घर बघून झालं, विहीर बघून झाली. फुलाबाई स्वयंपाकघरात फडताळ उपसत होत्या. “माजी तुपाची वाटी कुठं गेली गं बया?” असं त्यांचं पुटपुटणं अधूनमधून बाहेर ऐकू येत होतं. सावळाराम छपराकडे बघत होते.

“घर झालं,” मानसिंगराव टोपी सारखी करत म्हणाले. “आता गाडी काढ. वढ्यापत्तोर एक चक्कर मारू.”

इंद्रजित लगबगीने गोठ्यात गेला. त्याने गाडी अंगणात आणली आणि सवयीप्रमाणे प्रदक्षिणेला सुरुवात केली. टायर दाबला, तोच मानसिंगराव खेकसले, “आरं, गाडी काढतुयास का तिच्याशी लगीन लावतुयास? चल की!”

इंद्रजित ओशाळला. सोनिया ओट्यावरून बघत होती. एक दिवस नाही बघितलं म्हणून काय बिघडतंय, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. पण हेल्मेटवर मात्र तो अडला. दोन हेल्मेटं आणली होती, त्यातलं एक त्याने पुढे केलं.

“हे मडकं? मी यष्टी चालवलीय पोरा!”

“यष्टीला छप्पर असतं काका. मागं बसणाऱ्यालाबी लागतं हे. न्हाईतर गाडी हालायची न्हाई.”

मानसिंगरावांनी टोपी खिशात कोंबली आणि कुरकुरत हेल्मेट घातलं. गाडी निघाली. गल्ली संपेपर्यंत सगळं झकास. इंद्रजितने वळताना हात दाखवला, आरशात बघितलं. मागून “हं” असा समाधानाचा हुंकारही आला. पुढे ओढ्याकडे जाणारा उतार लागला, आणि समोरून गेनबा, माण्या आणि पाखऱ्या, तिघं अंघोळ करून रस्ताभर पसरून येत होते. बैलांची शिंगं लाल रंगवलेली, अंगावर झूल. त्यांच्या बेंदराच्या दिवशी त्यांना कुणाची घाई नव्हती.

इंद्रजितने पुढचा ब्रेक दाबला. मग पायातला दाबला. मग दोन्ही दाबले. गाडी आपली चाललीच.

“ब्रेक मार!” मानसिंगराव ओरडले.

“मारलाय!”

“मंग थांबंना का?”

“तेच बघतोय! धरून बसा काका!”

पुस्तक कामाला आलं ते इथे. इंद्रजितने एकेक गिअर खाली टाकला. इंजिन घुरघुरलं, गाडी जड झाली, पण थांबेना. उजवीकडे शेताच्या बांधाची दगडी ताल, समोर माण्या. “तात्या, बैलं!” इंद्रजितने बोंब ठोकली. गेनबा बैल सोडून स्वतःच बाजूला झाला. राहिली डावी बाजू. तिथे गेनबाचं भाताचं खाचर होतं, कालच चिखलणी झालेलं. इंद्रजितने डावीकडे हँडल वळवलं.

गाडी खाचरात शिरली, दोन हात गेली आणि उभीच्या उभी रुतली. इंद्रजित वर बसलेलाच राहिला. मानसिंगराव मात्र पुढच्या पुढे निघून गेले आणि डोक्यावर उतरले. क्षणभर नुसते पाय दिसत होते. मग चिखलातून हेल्मेट वर आलं, त्याची काच वर झाली आणि आतून आवाज आला, “पोरा, लागलं का रं तुला?”

सगळं घर धावत आलं. कुणाला खरचटलंही नव्हतं. पण गाडी काही निघेना. गेनबा म्हणाला, “थांबा, बैलं जुपतो. दोन मिंटात भाईर वडत्याल.”

“खबरदार!” सावळाराम कडाडले. “आज बेंदूर हाय! आजच्या दिशी त्यांच्या खांद्याला दोर लावशील तर बघ!”

मग दोर लागला माणसांच्या खांद्याला. पुढे मानसिंगराव, कारण अडकलेली गाडी कशी काढायची ते आपल्यालाच कळतं असं त्यांचं म्हणणं. मागे इंद्रजित आणि गेनबा. “हां, दम धरा! हां, वडा!” तिघं चिखलात घसरत होते, आणि माण्या-पाखऱ्या बांधावर उभे राहून रवंथ करत बघत होते. उभ्या जन्मात त्यांनी असा बेंदूर बघितला नसेल.

गाडी बाहेर आली. मानसिंगराव धापा टाकत म्हणाले, “ब्रेक न बघता गाडी काढली. बास. मला कळायचं ते कळलं.”

इंद्रजितचं तोंड एवढंसं झालं. “चुकलं काका,” तो म्हणाला. “रोज बघतो. आज न्हाई बघितलं.” सोनियाकडे बघायची तर हिंमतच होईना.

सोनिया गाडीपाशी खाली बसली होती. तिने ब्रेकच्या आतल्या बाजूने बोट फिरवलं, चिखल पुसला. बोट पिवळं झालं होतं. तिने ते हुंगलं.

“आप्पा, ब्रेकला तूप लागलंय.”

“काय लागलंय?”

“तूप. हळद घातलेलं. साजूक हाय.”

“माजं तूप!” फुलाबाई किंचाळल्या, आणि सगळ्यांच्या माना एकदम सावळारामांकडे वळल्या.

सावळाराम बैलांच्या आड सरकत होते. ते थांबले. “खांदं मळलं म्या तिचं,” ते खाली मान घालून म्हणाले. “गोठा मोकळा बघवंना मला. म्हनलं, आता हेच आपलं जनावर. जितं घासतंय तितं लावलं. मला काय ठावं ती घासायसाठीच हाय!”

“आन साखळी कोरडी ठणठणीत कुणी केली?” सोनियाने विचारलं.

“तीबी म्याच,” सावळारामांना इथे थोडा अभिमान लपवता आला नाही. “लई घाण तेल चिकटलं व्हतं.”

गेनबा हसत हसत बांधावर खालीच बसला. रत्नाबाईंनी तोंडाला पदर लावला. मानसिंगरावांना खरं तर आता मोठ्याने ओरडायचं होतं, तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात सोनिया म्हणाली, “आप्पा, ते बघतच व्हते. चल चल म्हणून घाई कुणी केली?”

मानसिंगरावांनी तोंड मिटलं. मग चिखलाने भरलेलं हेल्मेट उचललं, त्यावर एक टिचकी मारली आणि घराकडे चालू लागले. मेकॅनिकने ब्रेक खोलून साफ केल्याशिवाय चालू करायची नाही म्हणून इंद्रजितने गाडी हाताने ढकलत आणली.

पुरणपोळी दुधाबरोबरच खावी लागली. आणि जेवताना नवीनच पंचाईत. मानसिंगरावांचा खांदा असा धरला, की घास तोंडापर्यंत जाईना. सावळारामांनी ते बघितलं, गुपचूप आत गेले आणि वाटीच्या तळाशी चिकटलेलं हळद-तूप घेऊन त्यांच्या मागे येऊन बसले.

“आवो, काय करताय? मी काय बैल हाय का?”

“ज्यानं वडलं त्याचं खांदं मळायचं, पाव्हणं. रीत हाय. गप बसा.”

मानसिंगराव गप बसले. सावळारामांच्या हाताला वर्षभराचा उपास होता, त्यांनी खांदा असा चोळला की थोड्या वेळाने पाहुण्यांचे डोळेच मिटले. “वाईच डाव्या अंगाला,” एवढंच ते एकदा म्हणाले.

निघताना मात्र त्यांनी पुन्हा टोपी सारखी केली, चेहरा ड्रायव्हरचा केला. “येतो. आखाड सरला की कळवतो.”

कळवतो! इंद्रजितने हा शब्द आधी दोन-तीन घरांतून ऐकला होता आणि अजून त्यांच्यापैकी कुणीही काही कळवलेलं नव्हतं. फुलाबाईंनी नुसती मान हलवली. सावळाराम गोठ्याच्या दाराशी अपराध्यासारखे उभे होते.

सोनिया चपला घालता घालता थांबली आणि त्यांच्याजवळ गेली.

“मामा, फुडल्या बेंदराला ब्रेकला अजिबात हात लावायचा न्हाई. साखळीचं तेल मिळतं दुकानात, ते साखळीला लावायचं. कसं लावायचं ते मी दावीन तुमाला.”

अंगणात सगळ्यांनी कान टवकारले. फुडल्या बेंदराला? मी दावीन? फुलाबाईंनी रत्नाबाईंकडे बघितलं. रत्नाबाई हसत होत्या. इंद्रजितच्या हातातलं हेल्मेट खाली पडून गडगडत गेलं.

“सोने,” मानसिंगराव दबक्या आवाजात म्हणाले, “आखाड हाय.”

“म्या कुठं काय बोलले? मी गाडीचं बोलतीया.”

“व्हय व्हय, गाडीचंच!” सावळाराम घाईघाईने म्हणाले. डोळे पुसायला त्यांनी हळदीचाच हात वापरला आणि गालभर पिवळं झालं. “गाडीचंच बोलली पोर. कुणी काय सुदीक बोललेलं न्हाई हितं.”

मानसिंगराव थोडा वेळ खांदा फिरवून बघत उभे राहिले. खांदा छान मोकळा झाला होता. मग ते इंद्रजितला म्हणाले, “ब्रेक नीट करून घे. आन येशील तवा ते मडकं घेऊन ये माझं. मला बसतंय ते.”

त्याच संध्याकाळी फुलाबाईंनी मोठ्या पातेल्यात विरजण लावलं. तुळशीचं लगीन झाल्यावर घरात तूप लई लागणार होतं. वाटी मात्र त्यांनी या वेळी ट्रंकेत ठेवली आणि वर कुलूप घातलं.