कर्नलच्या घरची भांडी

कुमुदताई कर्नलच्या झोपायच्या खोलीत खुशाल बूट घालून हिंडायच्या. दिवाणखान्यातल्या गालिच्यावरूनही. पण स्वयंपाकघराचा उंबरा आला की भिंतीला हात टेकून दोन्ही बूट काढायच्या, बाजूला नीट जोडून ठेवायच्या आणि मगच आत पाऊल टाकायच्या. बाहेर बर्फ असो, आतली फरशी गारठलेली असो, मागं रांग खोळंबलेली असो. मग पायमोजे घातलेल्या पायांनी चुलीसमोर उभ्या राहून त्या गाइडला तो प्रश्न विचारायच्या. तो ऐकला की माझी मुलगी ऋचा हळूच सरकून दुसऱ्याच कुठल्या तरी कुटुंबात जाऊन उभी राहायची.

"व्हेरी नाइस. बट हू वॉश्ड द पॉट्स?"

कर्नलचं घर म्हणजे न्यू जर्सीतल्या आमच्या गावाबाहेरचं एक दोनमजली दगडी घर. इथं इंग्रजांच्या राजाचा अंमल होता तेव्हाचं. आता तिथं म्युझियम होतं. कर्नलची तलवार, त्याचा विग, त्याची तंबाखूची डबी, सगळं जिथल्या तिथं मांडलेलं, आणि प्रत्येक वस्तूशेजारी एक पांढरं कार्ड. ऐंशीच्या दशकात आम्ही मराठी मंडळी भारतातून आलेल्या पाहुण्यांना नायगारा दाखवायचो. कुमुदताई कर्नलचं स्वयंपाकघर दाखवायच्या.

त्या डॉक्टर, इथल्या हॉस्पिटलात भूल द्यायच्या. आमच्यापासून चौथ्या घरात एकट्याच राहायच्या. उंच, ताठ, आणि आवाज असा की त्यांनी नुसतं 'झोपा' म्हटलं तरी पेशंट झोपत असणार, असं माझा नवरा अविनाश म्हणायचा. मराठी मंडळात त्यांच्याबद्दल एक समजूत पक्की होती. त्या साताऱ्याकडच्या कुठल्याशा सरदार घराण्यातल्या. कुणी आडून विचारलंच तर त्या फक्त "हं" म्हणायच्या. त्या एका 'हं'वर आमच्या लोकांनी घोडे, हत्ती, पालख्या सगळं उभं केलं होतं.

सरदारांच्या लेकीच्या घरी डिशवॉशर होता. त्यात फायली होत्या. वरच्या जाळीत हॉस्पिटलच्या, खालच्या जाळीत जुन्या कागदपत्रांच्या. आणि समोर फळीवर पितळेची सात पातेली, लखलखीत. त्यांत कधी काही शिजलेलं मी पाहिलं नाही. पण दर रविवारी सकाळी गॅरेजचं दार वर करून, पाटावर बसून, ताई ती सातही पातेली चिंच-मीठ लावून घासायच्या. शेजारच्या आयसेलिन गावातल्या आमच्या भारतीय दुकानदाराला त्यांची चिंचेची खरेदी पाहून वाटायचं, या बाई रोज पंगत उठवतात.

मला त्यांचा प्रश्न पहिल्याच भेटीत झेलावा लागला होता. नव्या घरी आम्ही त्यांना चहाला बोलावलं होतं. त्यांनी कप हातात घेतला, आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे पुण्याला भांडी कोण घासायचं?"

"बाई होती की."

"नाव?"

मी आठवू लागले. हनुवटीवरचं गोंदण आठवलं, कोपरापर्यंत राखाडी झालेले हात आठवले, परीक्षेच्या दिवशी ती माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळायची तेही आठवलं. नाव आठवेना.

"आम्ही बाईच म्हणायचो."

"किती वर्षं होती?"

"मी मॅट्रिक होईपर्यंत."

"हं," ताई म्हणाल्या. मला भयंकर राग आला. पहिल्यांदा घरी आलेल्या माणसानं चहा प्यावा, पडद्यांचं कौतुक करावं आणि जावं. ही कसली उलटतपासणी?

पण पुढं त्यांची सवय झाली. हायवेवर गाडी चालवताना त्या बोलायच्या आणि बोलताना समोर बघायच्या नाहीत, म्हणून त्यांना न्यायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. त्यामुळे आजूबाजूची सगळी जुनी घरं मी पाहिली आणि प्रत्येक ठिकाणी तो प्रश्न ऐकला. एकदा मंडळाची पिकनिक त्यांनी कर्नलच्याच घरी नेली. तिथली गाइड, कॉलेजातली मुलगी, झालरीची टोपी घालून सांगत होती की कर्नलच्या बायकोनं एका संध्याकाळी चाळीस पाहुण्यांना जेवू घातलं.

"चाळीस!" ताई म्हणाल्या. "भांडी कोणी घासली?"

"वेल... द हाउसहोल्ड."

"माझ्याकडे हाउसहोल्ड भांडी घासत नाही. मीच घासते. मला नाव आहे. तिलाही असेल."

मुलगी गोंधळली. ताईंनी चुलीवर टांगलेल्या तांब्याच्या काळ्याकुट्ट हंड्याकडे बोट केलं. "आणि हे चिंच लावलीत तर दहा मिनिटांत लखलखेल."

"ती पॅटिना आहे, मॅडम, जुनेपणाची झाक. प्लीज हात लावू नका."

"पॅटिना! आमच्याकडे याला आळस म्हणतात."

"मॉम, शी इज डूइंग इट अगेन," ऋचा माझ्या कानात पुटपुटली. मंडळाचा अध्यक्ष शिरीष घाम पुसत पुढं आला. "ताई, सोडा ना. यांची हिस्टरी, यांची भांडी. आपला काय संबंध?"

"तू इथं टॅक्स भरतोस?"

"भरतो."

"घर घेतलंस?"

"लास्ट इयर क्लोज केलं."

"मग भांडी पण तुझीच," ताई म्हणाल्या आणि बूट घालायला वाकल्या.

बुधवारी त्यांना सुट्टी असे. त्या दिवशी त्या सरकारी दफ्तरात जाऊन जुनी कागदपत्रं वाचू लागल्या. तिथल्या कारकुनालाही ते दोनशे वर्षांपूर्वीचं अक्षर लागत नसे. ताईंना मात्र घडाघडा लागायचं. "आयुष्यभर सर्जन लोकांचं अक्षर वाचलंय मी. हा कर्नल तर सुवाच्य लिहितो!"

अशाच एका बुधवारी दुपारी त्यांचा फोन आला. "सापडली."

"कोण सापडली?"

"भांडी घासणारी."

कर्नलच्या मृत्युपत्रात ती एका ओळीत होती. स्वयंपाकघरातली फिबी, तांब्याचा मोठा हंडा आणि एक पिसांची गादी, ही आपल्या मुलीला द्यावीत असं त्यानं लिहून ठेवलं होतं. फिबी त्याची गुलाम होती. मी थक्क झाले. गुलामगिरी म्हणजे खाली दक्षिणेत, कापसाच्या शेतांवर, असं मी धरून चालले होते. आमच्या न्यू जर्सीत, ज्या फरशीवर आम्ही पिकनिकला गेलो होतो तिथं? त्याबद्दल कुणी एक अक्षर बोललं नव्हतं.

"हंड्याला कार्ड आहे," ताई म्हणाल्या. "कोणी घडवला, कुठून आला, सगळं लिहिलंय. एकाच ओळीत दोघांची वाटणी झाली, आणि हंड्याला कार्ड आहे. तिला नाही." त्यांचा आवाज त्या दिवशी नेहमीसारखा नव्हता.

फिबीचं कार्ड लावून घ्यायचंच, एवढं त्यांनी मनावर घेतलं. म्युझियमच्या कमिटीसमोर आम्ही दोघी गेलो. अध्यक्षीणबाई मिसेस वॉरन, चांदीसारखे केस, मोत्यांची माळ, अतिशय गोड. इतक्या गोड की नकार संपून गेला तरी तो नकार होता हे कळायला मला वेळ लागला. एका ओळीवर काय मांडणार? लोक तर कर्नलसाठी येतात. आणि स्वयंपाकघर आहे तसंच छान दिसतं.

कॉफी आली. मिसेस वॉरननी सहज चौकशी केली, आपण काय करता? ताईंनी हॉस्पिटलचं नाव सांगितलं.

"अरे वा! माझं पित्ताशय तिथंच काढलं, गेल्या वसंतात. काय देवमाणूस तो सर्जन! ख्रिसमसला मी त्यांना फुलं पाठवली."

"अडीच तास," ताई म्हणाल्या.

"काय म्हणालात?"

"अडीच तास चाललं तुमचं ऑपरेशन. त्यांनी पित्ताशय काढलं. तेवढा वेळ तुमचा श्वास मी चालू ठेवला. तुमच्या उशाशी मी होते. आदल्या संध्याकाळी खोलीत येऊन मी तुम्हाला माझं नावही सांगितलं होतं."

मिसेस वॉरन कानापर्यंत लाल झाल्या. ताईंनी कप खाली ठेवला. "मला फुलं नकोत. फिबीला कार्ड द्या."

सगळ्या कमिटीला ओरडून सांगावंसं वाटलं, ही बाई आमच्या गल्लीत राहते.

कार्ड मंजूर झालं. एवढंच नाही, मिसेस वॉरननी स्वतः फोन केला. कार्ड लावायच्या दिवशी, पूर्वी भांडी कशी घासत ते ताई लोकांना करून दाखवतील का? ताई फोनवर "हं" म्हणाल्या.

त्या दिवशी मंडळाच्या चार गाड्या भरून आल्या. सरदारांची लेक फीत कापणार अशी सगळ्यांची कल्पना. ताई आल्या त्या बगलेत पाट आणि हातात पितळेचं एक पातेलं घेऊन. ते त्यांनी मुद्दाम आठवडाभर जाळावर काळं केलं होतं. उंबऱ्याशी बूट काढले, पदर खोचला, चुलीतली राख ओंजळीत घेतली, चिंच कालवली आणि फरशीवर बसून घासायला लागल्या. काय तो हात चालत होता! पातेलं गोल फिरत होतं, काळं उतरत होतं, आतून पिवळं धमक पितळ वर येत होतं. अमेरिकन मंडळी टाळ्या वाजवू लागली.

"ताई, कुठं शिकलात हो?" शिरीषची बायको मीनल म्हणाली. "तुमच्याकडे तर किती नोकरचाकर असतील!"

ताईंचा हात थांबला नाही.

"आईकडून. साताऱ्यात चार घरची भांडी घासायची माझी आई. मी विसळायला बसायचे."

मंडळात कुणी कुठं बघावं ते कळेना. मग ताई इंग्रजीत बोलू लागल्या, मिसेस वॉरनना समजावं म्हणून.

"मागच्या दारी बसायचं. स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही. तिनं घासलेल्या भांड्यांवर पाणी शिंपडून मग ती आत न्यायचे. मी डॉक्टर झाले तेव्हा आम्ही दोघी चारही घरी पेढे घेऊन गेलो. पहिल्या घरच्या बाईंनी पेढा तोंडात टाकला आणि आईला म्हणाल्या, 'बाई, तुझं नाव काय गं? इतक्या वर्षांत विचारायचं राहूनच गेलं.'"

त्यांनी पातेलं उजेडाकडे धरून पाहिलं. "पहिल्या पगारात मी तिला पितळेची सात पातेली घेऊन दिली. तिनं त्यात कधी शिजवलं नाही. नुसती घासायची. स्वतःची होती ना." मग जरा थांबून म्हणाल्या, "अनसूया. तिचं नाव अनसूया."

मिसेस वॉरन डोळ्यांना रुमाल लावून उभ्या होत्या. इतक्यात ऋचा पुढं आली. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कुटुंबात लपणारी माझी मुलगी. तिनं उंबऱ्याशी स्नीकर्स काढले, ताईंच्या बुटांशेजारी ठेवले आणि बादलीजवळ उकिडवी बसली.

"ताईआजी, कॅन आय रिन्स?"

ताईंनी पातेलं तिच्या हातात दिलं. आयुष्यभर लोकांना झोपवणारी ती माझी ताठ मानेची शेजारीण जरा सरकून तिला जागा करून देऊ लागली. चुलीशेजारी, हंड्याच्या कार्डाच्या वर, फिबीचं कार्ड लागलं होतं. त्यावर नाव होतं आणि ती या घरात भांडी घासायची, स्वयंपाक करायची, गुलाम होती, एवढंच होतं. माहीत तेवढंच लिहायचं, असं ताईंनी बजावलं होतं.

घरी आल्यावर मी पुण्याला आईला एरोग्राम लिहिला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. मामाचा गुडघा, शेजाऱ्यांच्या मुलीचं लग्न, आंब्याचा भाव, आणि घडीच्या अगदी कडेला, जागा संपता संपता, 'तिचं नाव यमुना. पण तुला मधेच हे कसं आठवलं?'

मी धावतच फोनकडे गेले.

"ताई, यमुना! आमच्या पुण्याच्या बाईंचं नाव यमुना."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"आडनाव?" कुमुदताई म्हणाल्या.

मी पर्स उचलली आणि दुसरा एरोग्राम आणायला पोस्टात गेले.