सर्व्हरच्या एका जागेसाठी

सोनोशी नगरपालिकेत सर्व्हरच्या एका रिक्त पदासाठी तीन संगणकांच्या मुलाखती मंगळवारी सकाळी अकराला ठेवल्या होत्या, आणि तिघांपैकी एकच वेळेवर आला.

संगणक विभागाच्या प्रमुख सुलक्षणा पाथ्रीकर दाराशी हजेरीवही घेऊन उभ्या होत्या. विभागात त्या एकट्याच होत्या, त्यामुळे प्रमुखही त्याच. नगरपालिकेची रेडिओ केंद्रं पाच : भक्ती, शेती, महिला, जुनी गाणी आणि पाणी. पहिल्या चारांवाचून गावाचं फारसं अडत नव्हतं. पाचव्यावर मात्र कोणत्या आळीला किती वाजता नळ येणार ते सांगत, आणि ते ऐकूनच लोक हंडे लावत. रेडिओचा मनोरा गंजून वाकला होता. तो पंधरा तारखेला उतरवायचा ठरलं होतं. त्या दिवसापासून पाचही केंद्रं इंटरनेटवरून ऐकू यायला हवी होती. त्यासाठी काय काय लागेल याचा आराखडा सुलक्षणाबाईंनी केला होता.

आराखडा एका पानाचा होता. एक साधा संगणक, तो बंद पडला तर उभा राहील असा दुसरा, वीज गेल्यावर तासभर तग धरेल अशी बॅटरी आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची इंटरनेट जोडणी.

नगराध्यक्ष घोलपसाहेबांनी पान उलटून मागची बाजू पाहिली. "एवढंच? शेजारच्यांनी तीन केंद्रांसाठी दीडशे पानं केलीत, मॅडम."

"साहेब, नुसता आवाज पाठवायचाय. आवाजाला फार काही लागत नाही."

"हे बाहेर कुठं बोलू नका," घोलपसाहेब म्हणाले.

वेळेवर आलेला उमेदवार खालच्याच मजल्यावरचा होता. जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर त्याची अकरा वर्षं सेवा झाली होती. एका बाजूचं झाकण गेलेलं, दुसरं सुतळीनं बांधलेलं. शिपायानं त्याला स्टुलावर ठेवलं. नियमाप्रमाणे त्याच्यापुढे चहाही ठेवला, पण हातभर लांब.

"पाचही केंद्रं एकदम चालवशील?" मुख्याधिकारी तुळपुळ्यांनी विचारलं.

"चालवीन," संगणक म्हणाला. "माझ्या ताकदीतले शंभरातले सहा भाग लागतील."

"आणि उरलेले चौऱ्याण्णव?"

"रिकामे राहतील."

तुळपुळ्यांची नोकरी तीस वर्षांची होती. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"रिकामा राहीन असं कुणी मुलाखतीत सांगतं का रे?"

"आपण विचारलंत म्हणून सांगितलं. ऐकणारे किती असतील तेही कळलं तर बरं होईल. खरा भार त्यांच्यावर ठरतो."

"ऐकणारे लाखो आहेत," घोलपसाहेब म्हणाले.

"गावात घरं साडेचार हजार आहेत, साहेब. घराघरातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी माझ्याकडेच असतात."

त्याला अकरा गुण मिळाले, वर्षाला एक.

दुसरा उमेदवार आलाच नाही. त्याचं शिफारसपत्र आलं. पत्राला पासष्ट गुण देण्यात आले.

तिसरा पुण्याहून टेम्पोनं आला, तोही जेवणाच्या सुट्टीनंतर. कपाटाएवढा उंच, काळाभोर, अंगावर निळे दिवे. समिती उभी राहिली.

"आपण पाचही केंद्रं चालवू शकाल ना?" तुळपुळ्यांनी अदबीनं विचारलं.

"पाच केंद्रं हे मोठं आव्हान आहे," तो भारदस्त आवाजात म्हणाला. "पण सर्वांच्या सहकार्यानं त्या दिशेनं पावलं उचलता येतील. आधी एक अभ्यासगट नेमावा लागेल."

"किती ताकद लागेल?" सुलक्षणाबाईंनी विचारलं.

"ताकद कमीच पडणार."

घोलपसाहेबांचे डोळे चमकले. "बघा मॅडम! याला म्हणतात अभ्यास."

त्याची नेमणूक एकमतानं झाली. अट एकच होती, खोली थंड हवी. नगरपालिकेत एसी एकच होता आणि तो नगराध्यक्षांच्या केबिनमध्ये होता. घोलपसाहेबांनी मोठ्या मनानं केबिन मोकळी करून दिली आणि स्वतःची खुर्ची बाहेर व्हरांड्यात मांडली. पाटी काढायची राहून गेली. त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून गाऱ्हाणी घेऊन येणारी माणसं आत जाऊन सर्व्हरला नमस्कार करू लागली. तो निळे दिवे लुकलुकवत "बघतो" म्हणे, आणि माणसं समाधानानं परत जात. आठवड्याभरात व्हरांड्यातली खुर्चीही कुणी तरी हलवली. घोलपसाहेब अभ्यागतांच्या बाकावर बसू लागले.

पंधरा तारखेला दुपारी मनोरा उतरला. पाच वाजून वीस मिनिटांनी कासार आळीला पाणी सुटणार होतं आणि ते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. चार वाजता सुलक्षणाबाई केबिनमध्ये गेल्या.

"साहेब, केंद्रं सुरू करायची."

"तो प्रस्ताव माझ्याकडे योग्य मार्गानं आलेला नाही," सर्व्हर म्हणाला.

"योग्य मार्ग म्हणजे?"

"नगराध्यक्षांच्या सहीनं, समक्ष."

"ते बाहेर बाकावरच बसलेत. बोलावू?"

"त्यांना आजची वेळ दिलेली नाही."

सुलक्षणाबाई बाहेर आल्या. घोलपसाहेबांनी आशेनं वर पाहिलं. "माझं नाव पुकारलं का?"

कासार आळीत तीनशे घरं, आणि पाणी चार दिवसांनी एकदा. त्या जिना उतरून नोंदणीच्या खिडकीशी गेल्या. पुढे एक माणूस पेढ्यांचा पुडा घेऊन उभा होता.

"तुला एक काम सांगू का?" त्यांनी जुन्या संगणकाला विचारलं. "नेमणूक नाही, आदेश नाही. उद्या मलाच विचारतील."

"सांगा ना. फक्त यांची मुलगी लिहून होऊ दे."

मुलीचं नाव लिहून झालं. मग सुलक्षणाबाईंनी गुडघ्यावर बसून वायर जोडल्या. पाच वाजून चार मिनिटांनी निवेदिका मालनबाईंचा आवाज शिपायाच्या मोबाइलवर आला : "कासार आळी, पाच वीस. हंडे लावून ठेवा." बाहेर गल्लीत भांड्यांचा खणखणाट सुरू झाला. सुलक्षणाबाई तशाच फरशीवर बसून राहिल्या. पेढेवाल्यानं पुडा पुढे केला. त्यांनी दोन घेतले.

"जड जात नाही ना?" त्यांनी विचारलं.

"जन्म-मृत्यूला चार भाग लागतात, रेडिओला सहा. आरामात आहे."

पुढच्या सोमवारी पाच केंद्रं यशस्वीपणे सुरू केल्याबद्दल सर्व्हरचा शाल घालून सत्कार झाला. शालीमुळे तो थोडा तापला, म्हणून एसी वाढवावा लागला. सुलक्षणाबाईंना नापास उमेदवाराकडून काम करून घेतल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस आली. जुन्या संगणकाचे नव्वद भाग रिकामे असल्याचं चौकशीत त्यानं स्वतःच कबूल केलं. तेव्हा सर्व्हरच्या कामाचे अहवाल लिहिण्याचं काम त्याच्याकडे सोपवण्यात आलं. अहवाल कोरे जात. ते नीटनेटके असल्याचा शेरा वरून आला.

सहा महिन्यांत सर्व्हरला बढती मिळाली. सबंध जिल्ह्यातली बावीस केंद्रं न चालवण्यासाठी त्याला वरच्या कार्यालयात घेतलं. जागा रिकामी झाली आणि पुन्हा जाहिरात निघाली. या खेपेला अर्ज दोनशे आठ आले. छाननी सुलक्षणाबाईंकडेच होती.

सर्वांत वरचा अर्ज तुळपुळ्यांचा होता. फोटो, तीस वर्षांचा अनुभव, थंड खोलीत बसण्याची तयारी, सगळं जोडलेलं होतं. सुलक्षणाबाईंनी जाहिरात काढून वाचली. उमेदवार यंत्र असावा असं तिच्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी ती आणखी एकदा वाचली, आणि अर्जावर ‘पात्र’ असा शिक्का मारून पुढचा अर्ज घेतला.