सकाळी रुसणारं चाक

सांतान फर्नांडिसने हात लावला आणि यंत्र सुरू झालं नाही, असं कधी घडलंच नव्हतं. निदान सांतान तरी तसं सांगायचा. उभा जन्म जहाजांच्या इंजिनखोलीत काढून तो मालवणला परतला आणि साठवलेल्या पैशांत एक जुनी शिडाची यॉट घेऊन बसला. शनिवारी पर्यटकांची पहिली फेरी ठरली होती. त्याआधी शुक्रवारी सकाळी बंदर खात्याचे साहेब येऊन होडी तपासणार, मग परवाना. परवाना नाही तर फेरी नाही, आणि फेरी नाही तर बायकोला, लुईझाला, तोंड दाखवायची सोय नाही.

आणि नेमकं सुकाणूचं चाक जड लागायला लागलं.

"अर्ध्या तासात ह्याचा दुखणा काढतंय बघ," तो बायकोला म्हणाला.

"काढ. पण पाठ सांभाळ," लुईझा म्हणाली.

तपासणी त्याने अगदी शास्त्रशुद्ध केली. चाकापासून सुकाणूकडे जाणाऱ्या तारा सोडल्या. खालचं सुकाणू एका हाताने हललं. म्हणजे दोष वरचा, तारांचा नाहीतर चाकाच्या दांड्याचा. बाजारच्या ग्रीसवर सांतानचा काडीचा विश्वास नव्हता. त्याने घरच्या नारळांचं घाण्यावरचं शुद्ध खोबरेल आणून सगळीकडे सढळ हाताने ओतलं. दुपारी चाक भिंगरीसारखं फिरलं आणि सांतान शीळ घालत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कानाला मफलर बांधून तो होडीवर चढला, तर चाक दगड! त्याने आणखी तेल ओतलं. दुपारी पुन्हा भिंगरी, आणि पुढच्या सकाळी पुन्हा दगड.

शेजारच्या ट्रॉलरचा तांडेल, म्हणजे कप्तान, बाबली हे सगळं गंभीरपणे बघत होता.

"सांतान, ह्या मशीनचा काम न्हय. हयच्या राखणदाराक नारळ दिलंस?"

"मी सांत आंतोनाक मेणबत्ती लायलंय."

"तो इगर्जीतलो. धक्क्याचो धनी वेगळो."

बुडत्याला काडीचा आधार. सांतानने नारळ आणला आणि बाबलीने गाऱ्हाणं घातलं. त्यात चाक होतं, बाबलीच्या मुलाची नोकरी होती, डिझेलचा भाव होता आणि मेव्हण्याचा गुडघाही होता. दर वाक्याला धक्क्यावरचे सगळे "होय म्हाराजा" म्हणत होते. गाऱ्हाणं संपेपर्यंत सूर्य डोक्यावर आला. सांतानने भीतभीत चाकाला बोट लावलं, तर ते गरकन फिरलं. बाबली मग दिवसभर कॉलर ताठ करून हिंडला.

शुक्रवारी उजाडताच चाक पुन्हा दगड. साहेब आठला यायचे होते. आता निदान माणसासारखं तरी दिसावं म्हणून सांतान घरी केस विंचरायला गेला. तेलाची बाटली तळहातावर उपडी केली. थेंब पडेना. बाटली उजेडात धरली, तर आत पांढरा गोळा.

"लुईझा, तेल थिजला."

"थंडीत थिजताच ता. चुलीकडे ठेव."

"बाटलीतला न्हय गो. होडीतला!"

मग किटल्या भरभरून गरम पाणी, फडक्यांचा ढीग, आणि बाबलीच्या ट्रॉलरवरून मागून आणलेलं तेच बाजारचं ग्रीस.

"राखणदारानच तुका बुद्धी दिली," बाबली म्हणाला. सांतानला वाद घालायला सवड नव्हती.

साहेब आले. त्यांनी एका बोटाने चाक फिरवलं आणि मान डोलावली. सांतानचे डोळे भरून आले.

"उत्तम. आता जरा बाहेर काढा, चालवून बघू."

सांतानने ऐटीत इंजिन सुरू केलं. इंजिन गरजलं, होडी जागची हलेना. त्याने वाकून खाली पाहिलं. पुसापुशीच्या नादात होडी खोल पाण्यात न्यायची राहिली होती, आणि ओहोटीने तिला वाळूत बसवलं होतं.

"दुपारी भरती येईल, साहेब," तो कसाबसा म्हणाला. "तोवर आमच्याकडे जेवूनच जा."

लुईझाने कोंबडीचं सुकं केलं, वडे तळले, वर सोलकढी दिली. साहेब नको नको म्हणत जेवले आणि ओसरीवरच्या आरामखुर्चीत टेकले.

भरती आली. होडी वाळूतून अलगद उठली. साहेब मात्र उठले नाहीत. सांतान पायरीवर बसून एकदा समुद्राकडे आणि एकदा त्यांच्या पोटाकडे बघत राहिला. भरती आधी ओसरते की वडे आधी पचतात, एवढ्यावरच आता परवाना अडला होता.